चौकशीच्या छायेतील निवड : अमेरिकन विद्यापीठांतील क्रीडा संचालकपदाच्या उमेदवारांचे मूल्यमापन – एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत ‘शारीरिक शिक्षण संचालक’ हे पद अध्यापकाच्या समकक्ष मानले जाते. अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांतील ‘क्रीडा संचालक’ हे पद नावाने जवळचे असले तरी स्वरूपाने सर्वस्वी निराळे आहे. कोट्यवधी डॉलरचे वार्षिक अंदाजपत्रक, दूरचित्रवाणीचे करार, देणगीदारांशी संबंध, क्रीडांगणांची उभारणी आणि प्रशिक्षकांच्या नेमणुका हा त्याच्या कामाचा भाग असतो. अनेक विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकाचे वेतन विद्यापीठाच्या अध्यक्षापेक्षा अधिक असते. अशा पदावरील व्यक्तीची निवड एरवीही सोपी नसते. विद्यापीठाविरुद्ध नियमभंगाची चौकशी चालू असताना किंवा नुकतीच संपलेली असताना ही निवड करावी लागली, तर तिला वेगळेच परिमाण प्राप्त होते.

अशा प्रसंगी निवड समित्या उमेदवाराच्या चारित्र्याची ग्वाही शोधतात. ‘स्वच्छ प्रतिमा’ हा शब्दप्रयोग जवळजवळ प्रत्येक घोषणेत आढळतो. प्रस्तुत लेखात तीन निवडींच्या आधारे या निकषाची चिकित्सा केली आहे : सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ (२०१०), चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ (२०११) आणि नॉक्सव्हिल येथील टेनेसी विद्यापीठ (२०२१). चौकशीने जो दोष दाखविला तेवढ्याच दोषाच्या संदर्भात उमेदवाराची पारख करणे अपुरे आहे, कारण पुढचा दोष बहुधा दुसऱ्या दाराने येतो, असे या तिन्ही प्रकरणांच्या अभ्यासातून दिसते. अशा वेळी उमेदवाराच्या प्रतिमेपेक्षा, नको असलेली माहिती समोर आल्यावर तो काय करतो आणि कोणाचे नियंत्रण मान्य करतो, हे तपासणे अगत्याचे ठरते.

१. नियम, चौकशी आणि पदातील अंतर्विरोध

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राचे नियमन करणाऱ्या ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ या संघटनेचा, म्हणजेच एनसीएएचा, उगम १९०६ मध्ये झाला. तिच्या नियमव्यवस्थेचा पाया ‘संस्थात्मक नियंत्रण’ या तत्त्वावर उभा आहे. क्रीडा विभागात जे घडते त्याचे अंतिम उत्तरदायित्व विद्यापीठाच्या प्रमुखाचे असते. नियमभंग आढळल्यास संस्थेने तो स्वतः कळवावा, अशी अपेक्षा असते. प्रत्येक सदस्य संस्थेत प्राध्यापकांमधून एक क्रीडा प्रतिनिधी नेमणेही आवश्यक असते. म्हणजे कागदावर तरी अध्यापकवर्गाला या व्यवस्थेत निश्चित स्थान आहे.

प्रत्यक्षात क्रीडा संचालकाच्या पदात एक अंतर्विरोध दडलेला असतो. तोच प्रशिक्षकाची नेमणूक करतो आणि तोच प्रशिक्षकाच्या वर्तनावर देखरेख ठेवतो. प्रशिक्षक जिंकला तर संचालक यशस्वी ठरतो आणि प्रशिक्षकाचा गैरव्यवहार उघडकीस आला तर संचालकाची निवडच चुकली असे म्हटले जाते. अशा स्थितीत गैरव्यवहार उघड न होण्यात संचालकाचा स्वार्थ गुंतलेला असतो. हा स्वार्थ व्यक्तीच्या चारित्र्यातून उद्भवत नाही. तो पदाच्या रचनेतून निर्माण होतो.

पदाच्या वरच्या पायरीवरही हाच धोका असतो. डॅलस येथील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा १९८७ चा फुटबॉल हंगाम एनसीएएने रद्द केला. खेळाडूंना पैसे देण्याचा प्रकार नियामक मंडळाच्या पातळीवर ठाऊक होता आणि तो चालू ठेवण्याला संमती होती, ही कबुली मंडळाचे अध्यक्षपद भूषविलेले व त्या वेळी टेक्सासचे राज्यपाल असलेले बिल क्लेमेंट्स यांनीच त्या वर्षी दिली. ज्यांनी संचालकाची निवड करावयाची, तेच नियमभंगात सामील असू शकतात, हा या प्रकरणाचा धडा होता. पुढे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नाइट आयोगाने १९९१ च्या अहवालात विद्यापीठ प्रमुखांच्या नियंत्रणावर आणि शैक्षणिक व आर्थिक सचोटीवर भर दिला, तो याच पार्श्वभूमीवर.

२. घरचा उमेदवार : सदर्न कॅलिफोर्निया, २०१०

फुटबॉलपटू रेजी बुश याच्या कुटुंबाला क्रीडा-विपणन क्षेत्रातील व्यक्तींकडून मिळालेल्या लाभांची चौकशी २००६ मध्ये सुरू झाली. १० जून २०१० रोजी एनसीएएने निर्णय दिला. संस्थात्मक नियंत्रणाचा अभाव हा मुख्य ठपका होता. दोन वर्षे हंगामोत्तर सामन्यांना बंदी, तीन वर्षांत ३० शिष्यवृत्त्यांची कपात आणि चार वर्षांची परिवीक्षा अशी शिक्षा झाली. १९९३ पासून क्रीडा संचालक असलेले माइक गॅरेट यांनी या निर्णयामागे इतरांचा मत्सर असल्याची भाषा जाहीरपणे वापरली. पुढच्याच महिन्यात त्यांच्या जागी पॅट हेडन यांची निवड जाहीर झाली.

हेडन यांची पात्रता कागदावर निर्दोष होती. ते याच विद्यापीठाचे माजी क्वार्टरबॅक, ऱ्होड्स शिष्यवृत्तीधारक, कायद्याचे पदवीधर, गुंतवणूक व्यवसायातील यशस्वी व्यक्ती आणि विद्यापीठाचे विश्वस्त होते. क्रीडा विभाग चालविण्याचा अनुभव मात्र त्यांना नव्हता. गॅरेट यांच्या उद्दाम पवित्र्यानंतर सौम्य, सुसंस्कृत आणि सर्वमान्य व्यक्ती हवी होती आणि ती मिळाली. नियमपालन विभागाचा विस्तार झाला. बुश याच्या हाइस्मन पुरस्काराची विद्यापीठाकडील प्रत परत करण्याचा निर्णयही त्याच वेळी जाहीर झाला. संस्थेचा सूर बदलला, हे मान्य करावे लागते.

तथापि निवडीचा निकष बदलला नव्हता. गॅरेट स्वतः १९६५ चे हाइस्मन विजेते व विद्यापीठाचे माजी खेळाडू होते. हेडन त्याच परंपरेतले आणि २०१६ मध्ये त्यांच्यानंतर आलेले लिन स्वान हेही त्याच परंपरेतले. सलग तीन वेळा घरच्या फुटबॉल नायकाच्या हाती विभाग सोपविला गेला. मार्च २०१९ मध्ये देशव्यापी प्रवेश-लाचखोरी प्रकरण उघड झाले, तेव्हा या विद्यापीठाच्या एका वरिष्ठ सहयोगी क्रीडा संचालकाला अटक झाली. जे विद्यार्थी त्या दर्जाचे खेळाडू नव्हते त्यांना खेळाडू म्हणून प्रवेश मिळवून दिल्याचा आरोप होता. या कर्मचाऱ्याने पुढे गुन्हा कबूल केला. आरोपांचा काळ हेडन आणि स्वान या दोघांच्या कारकिर्दींत पसरलेला होता. दोघांपैकी कोणावरही आरोपपत्र नव्हते, ही गोष्ट येथे स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. स्वान यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये राजीनामा दिला.

२०१० च्या चौकशीने खेळाडूपर्यंत पोहोचणाऱ्या बाहेरच्या पैशाचे दार दाखविले होते आणि त्या दारावर पहारा बसला. प्रवेशप्रक्रियेत क्रीडा विभागाचा शब्द कोण तपासतो, हा प्रश्न त्या चौकशीत नव्हता. निवडीच्या वेळीही तो ऐरणीवर आला नाही. संस्थेवरील प्रेम ही उमेदवाराची मोठी पात्रता मानली गेली, पण आपल्याच माणसांवर अविश्वास दाखविण्याची तयारी त्या प्रेमातून निर्माण होत नाही.

३. बाहेरचा उमेदवार : नॉर्थ कॅरोलिना, २०११

घरच्या माणसांवर भिस्त ठेवणे धोक्याचे असेल तर बाहेरचा निष्णात प्रशासक आणावा, असे सहज सुचते. चॅपल हिल येथे २०११ मध्ये नेमके हेच घडले. प्रतिनिधींकडून खेळाडूंना मिळालेले लाभ आणि एका शिकवणी-साहाय्यकाने दिलेली अनुचित मदत यांची चौकशी २०१० मध्ये सुरू झाली होती. कुलपती होल्डन थॉर्प यांनी जुलै २०११ मध्ये मुख्य प्रशिक्षक बुच डेव्हिस यांना पदमुक्त केले आणि लगेच क्रीडा संचालक डिक बॅडोर यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये टल्सा विद्यापीठाचे क्रीडा संचालक बबा कनिंगहॅम यांची निवड झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस एनसीएएपुढे सुनावणी होती. मार्च २०१२ मध्ये एका वर्षाची हंगामोत्तर बंदी व १५ शिष्यवृत्त्यांची कपात अशी शिक्षा झाली.

नवा संचालक जुन्या पापात वाटेकरी नव्हता, अनुभवी होता आणि संयमी होता. प्रचलित निकषांनुसार या निवडीत खोट काढणे कठीण आहे. परंतु खरे प्रकरण पुढेच होते. आफ्रिकन व आफ्रो-अमेरिकन अध्ययन विभागात वर्ग न भरविता, एका निबंधाच्या बळावर उदार गुण देणारे अभ्यासक्रम वर्षानुवर्षे चालू होते. त्यांचे गुणांकन बहुतांशी अध्यापक नसलेल्या एका कार्यालयीन कर्मचाऱ्याने केले होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये केनेथ वेनस्टीन यांनी सादर केलेल्या अहवालानुसार १९९३ ते २०११ या १८ वर्षांत ३,१०० हून अधिक विद्यार्थी या वर्गांत बसले. त्यांत खेळाडूंचे प्रमाण विद्यापीठातील त्यांच्या संख्येच्या तुलनेत कितीतरी अधिक होते. २०१५ मध्ये मान्यता देणाऱ्या प्रादेशिक संस्थेने विद्यापीठाला एका वर्षाच्या परिवीक्षेवर ठेवले. एनसीएएने मात्र ऑक्टोबर २०१७ मध्ये शैक्षणिक नियमभंग सिद्ध होत नसल्याचा निष्कर्ष काढला. हे अभ्यासक्रम सर्वच विद्यार्थ्यांना खुले होते, हा त्यातील कळीचा मुद्दा ठरला.

या घटनाक्रमाचा अर्थ अध्यापकवर्गाने नीट समजून घेण्यासारखा आहे. येथे कुंपणानेच शेत खाल्ले. बनावट वर्ग क्रीडा विभागाने भरविले नव्हते. ते एका शैक्षणिक विभागात, विद्यापीठाच्या अधिकृत वेळापत्रकात आणि अधिकृत गुणपत्रिकेवर होते. क्रीडा विभागातील शैक्षणिक समुपदेशकांनी त्यांचा लाभ घेतला. हे वर्ग चालू राहू शकले, कारण ते तपासण्याचा अधिकार असलेल्या शैक्षणिक यंत्रणेने ते तपासले नाहीत. २०११ च्या निवडीच्या वेळी चालू असलेली चौकशी या प्रश्नाच्या कडेला स्पर्श करून गेली होती, तरी उमेदवाराचे मूल्यमापन त्या मर्यादित चौकशीच्या चौकटीतच राहिले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार झाला. उमेदवार चुकीचा होता असा याचा अर्थ नव्हे. कनिंगहॅम यांनी पुढे एका दशकाहून अधिक काळ हे पद सांभाळले. जो दोष दूर करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली, त्याचे मूळ त्यांच्या अधिकारकक्षेबाहेर होते. कोणतीही आदर्श निवड तो एकट्याने दूर करू शकली नसती.

या प्रकरणात सर्वाधिक हानी विद्यार्थ्यांची झाली, आणि तिची भरपाई करणारा दंड कोणत्याही नियमपुस्तिकेत नाही. ज्यांना शिक्षणाच्या मोबदल्यात खेळण्यास बोलाविले होते, त्यांतील अनेकांच्या हाती शिक्षण नसलेले गुण पडले.

४. चौकशी आधी, निवड नंतर : टेनेसी, २०२१

टेनेसीचा अनुभव दोन कारणांनी बोधक आहे. पहिले कारण पूर्वेतिहासाचे. जून २०११ मध्ये तेथील संचालक माइक हॅमिल्टन यांनी एनसीएएच्या चौकशीच्या काळातच राजीनामा दिला होता. पुढे २०१७ च्या अखेरीस प्रशिक्षक निवडीवरून समर्थकांचा मोठा क्षोभ झाला. त्यानंतर १९९२ ते २००८ या काळातील लोकप्रिय प्रशिक्षक फिलिप फुल्मर यांना क्रीडा संचालक करण्यात आले. १९९८ च्या हंगामाचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्या नावावर होते. समर्थकांचा रोष शमला. फुल्मर यांनी जेरेमी प्रुइट यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून निवड केली. नोव्हेंबर २०२० मध्ये खेळाडूंच्या भरतीतील गैरप्रकारांची अंतर्गत चौकशी सुरू झाली. १८ जानेवारी २०२१ रोजी प्रुइट व अन्य काही कर्मचारी बडतर्फ झाले आणि फुल्मर यांची निवृत्तीही त्याच दिवशी जाहीर झाली.

दुसरे कारण निवडीच्या क्रमाचे. अवघ्या काही दिवसांत सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचे संचालक डॅनी व्हाइट यांची निवड जाहीर झाली. इतक्या त्वरेने केलेली निवड घाईची वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कुलपती डोंडे प्लोमन यांनी चौकशीचे सूत्र आपल्या हाती घेतले होते, बाहेरच्या कायदेतज्ज्ञांचे साहाय्य घेतले होते आणि दोषींवरील कारवाई नव्या संचालकाच्या आगमनापूर्वी पूर्ण केली होती. जुलै २०२३ मध्ये एनसीएएने १८ गंभीर स्वरूपाचे आणि त्यांच्या अंतर्गत २०० हून अधिक नियमभंग झाल्याचा निर्णय दिला. ८० लाख डॉलरहून अधिक दंड, पाच वर्षांची परिवीक्षा आणि २८ शिष्यवृत्त्यांची कपात झाली, पण हंगामोत्तर बंदी टळली. विद्यापीठाने केलेल्या सहकार्याची निर्णयात दखल घेतली गेली.

या निकालाचे श्रेय नव्या संचालकाच्या गुणवत्तेला देण्याचा मोह होतो. निर्णायक गोष्ट मात्र त्यांच्या निवडीपूर्वीच घडली होती. चौकशी कोणी करावयाची हा प्रश्न आणि विभाग कोणी चालवावयाचा हा प्रश्न वेगळे ठेवले गेले. उमेदवाराला स्वतःच्या नव्या सहकाऱ्यांचा न्यायाधीश व्हावे लागले नाही. संघाच्या नंतरच्या यशामुळे हा मुद्दा झाकला गेला आहे, कारण विजयी संघाच्या संचालकाविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही.

५. प्रचलित निकषांची मर्यादा

उपरोक्त तीन निवडी शेजारी ठेवल्या असता काही गोष्टी स्पष्ट होतात. उमेदवार घरचा की बाहेरचा, हा निकष निर्णायक नाही. निवडीला लागलेला वेळही निर्णायक नाही. चॅपल हिल येथे संचालकाच्या निरोपाच्या घोषणेपासून निवडीपर्यंत अडीच महिने गेले, टेनेसीत काही दिवस गेले. वैयक्तिक प्रतिष्ठा तर सर्वांत कमी उपयोगाची, कारण प्रतिष्ठेचा पुरावा बहुधा अनुकूल काळातील असतो. प्रतिकूल माहिती समोर आली असता एखाद्याने काय केले, हे प्रशस्तिपत्रकांत क्वचितच लिहिलेले असते.

जुना संचालक गेला की सुंठेवाचून खोकला गेला, अशी समजूत निवड समित्यांत सहज पसरते. पण संचालकाच्या पदातील स्वार्थाचा गुंता तसाच राहतो आणि तो नव्या व्यक्तीला वारसाने मिळतो. म्हणून मूल्यमापनाचे प्रश्न वेगळे असावयास हवेत. पूर्वीच्या संस्थेत एखाद्या यशस्वी प्रशिक्षकाविषयी तक्रार आली तेव्हा उमेदवाराने ती कोणाकडे आणि किती दिवसांत पाठविली, हा पहिला प्रश्न. नियमपालन अधिकाऱ्याने थेट विद्यापीठ प्रमुखाला अहवाल द्यावा, ही अट त्याला मान्य आहे काय, हा दुसरा. खेळाडूंचे प्रवेश, अभ्यासक्रमांची निवड आणि गुण यांची तपासणी क्रीडा विभागाबाहेरील अध्यापकांनी करावी, यावर त्याची भूमिका काय, हा तिसरा. जो उमेदवार अशा मर्यादा स्वतःहून मागतो, त्याच्याविषयी विश्वास बाळगण्यास काही आधार असतो. जो ‘पूर्ण स्वातंत्र्य’ मागतो, त्याच्या कार्यक्षमतेविषयी शंका नसली तरी समितीने सावध व्हावे.

यांतील तिसरा प्रश्न समितीतील देणगीदार विचारणार नाही आणि उमेदवार शोधण्यासाठी नेमलेली व्यावसायिक संस्थाही विचारणार नाही. तो विचारू शकेल असा सदस्य एकच, तो म्हणजे प्राध्यापक प्रतिनिधी. बहुतेक वेळा त्याची उपस्थिती शोभेची मानली जाते. परंतु हा प्रश्न विचारताना त्याला आपल्याच वर्गाकडेही बोट दाखवावे लागते, हे नॉर्थ कॅरोलिनाने दाखवून दिले आहे.

६. एक आक्षेप

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. ज्या नियमांच्या भंगासाठी या शिक्षा झाल्या ते नियमच आता बदलले आहेत. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा व्यापारी मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट उत्पन्नाचा वाटा देऊ लागली. बुश याला २०२४ मध्ये हाइस्मन पुरस्कार परत मिळाला. मग कालबाह्य नियमांच्या आधारे उमेदवाराची पारख करण्यात काय अर्थ?

आक्षेपात तथ्य आहे. खेळाडूच्या श्रमावर कोट्यवधींची उलाढाल करून त्याला मोबदला नाकारणारे नियम न्याय्य होते, असा दावा करणे अवघड आहे. परंतु नियम अन्याय्य असणे आणि तो लपून मोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जानेवारी २०२४ मध्ये टेनेसी व व्हर्जिनिया या राज्यांच्या महाधिवक्त्यांनी एनसीएएच्या नियमांना न्यायालयात उघड आव्हान दिले. तो नियमाशी लढण्याचा प्रामाणिक मार्ग होता. गुप्तपणे रोख रक्कम देऊन चौकशीत ते नाकारणे हा दुसरा मार्ग होता. शिवाय बनावट वर्ग आणि खेळाडू नसलेल्यांचे खेळाडू म्हणून प्रवेश यांना मोबदल्याच्या नियमांतील कोणताही बदल वैध करीत नाही. पैशाचे नियम सैल झाल्यामुळे शैक्षणिक सचोटीचे प्रश्न अधिक उघडे पडतील, कारण आता लपविण्यासारखे तेच उरले आहे.

समारोप

नियमभंगाच्या चौकशीच्या काळात होणारी क्रीडा संचालकाची निवड ही संस्थेच्या आत्मपरीक्षणाची संधी असते. ती केवळ प्रतिमेच्या डागडुजीसाठी वापरली, तर चांगला माणूस मिळूनही संस्था सुधारत नाही. सदर्न कॅलिफोर्नियाला सज्जन माणूस मिळाला आणि नॉर्थ कॅरोलिनाला अनुभवी माणूस मिळाला, तरी दोन्ही ठिकाणी पुढचा आघात अनपेक्षित दिशेने आला. टेनेसीने चौकशी आणि निवड यांत अंतर राखले व त्याचा तिला लाभ झाला, जरी त्याआधी दहा वर्षांत दोनदा तिची फसगत झाली होती.

निवड समितीने उमेदवाराला तो किती स्वच्छ आहे हे विचारण्याऐवजी, तो कोणाला आपल्याकडे पाहू देणार आहे हे विचारावे. आणि पाहण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्या अध्यापकांनी ते प्रत्यक्षात करावे. या दोन्ही गोष्टी एकत्र झाल्याखेरीज संचालक बदलण्याने फारसे काही साधत नाही.